बाबा तीनदा पडले, सगळं तपासून झालं, फक्त पाय सोडून

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायचं कारण बाबा. वय ७६, तब्येत तशी ठणठणीत, डोकं तल्लख, शब्दकोडं पेनाने सोडवतात, खोडरबर लागत नाही म्हणून मिरवतात पण. पण गेल्या आठ महिन्यांत तीनदा पडले. पहिल्यांदा बाथरूममधून बाहेर येताना, दुसऱ्यांदा रात्री लघवीला उठल्यावर, आणि तिसऱ्यांदा भर दुपारी सपाट फरशीवर, उजेड होता, फरशी कोरडी होती, चष्मा नाकावर होता. त्या वेळी मनगट मोडलं.

मग आमच्या चकरा सुरू झाल्या. कान झाले, डोळे झाले, मानेचा एक्सरे, ईसीजी, मेंदूचा एमआरआय, झोपून आणि उभं राहून बीपी, साखर, सगळं. जाऊ तिथे "वयाच्या मानाने उत्तम". फाईल एवढी जाड झालीय की ती पायावर पडली तर अजून एक फ्रॅक्चर होईल.

प्लास्टर निघाल्यावर मनगटासाठी फिजिओथेरपीला न्यायला लागलो. तिथल्या मुलीने आधी विचारलं पडलात कसे, आणि ऐकून झाल्यावर म्हणाली "काका, मोजे काढता का?" हात दाखवायला आलेल्या माणसाला मोजे काढायला सांगतेय म्हणून बाबा वैतागले. मोजे निघाले आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. अंगठ्याचं नख जाड, पिवळं, वाकडं वाढून शेजारच्या बोटात घुसलेलं. चवड्याखाली दोन मोठे घट्टे, एक कुरूप. उजवा अंगठा आत कललेला आणि दुसरं बोट त्याच्यावर चढून बसलेलं. आठ महिने मी या माणसाला डॉक्टरांकडे नेतेय आणि त्याचे पाय मी किती वर्षांत बघितले नव्हते देव जाणे.

तिने बाबांना खुर्चीत बसवून अंगठ्याखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं, म्हणाली दाबून धरा, मी ओढते. कार्ड अलगद बाहेर आलं. बाकीच्या बोटांखालून तर विचारूच नका, ती बोटं जमिनीला नीट टेकतच नव्हती.

तर प्रश्न असा की पायाची अशी अवस्था असेल तर माणूस खरंच पडतो का? का मला आता एकदम सगळं पायातच दिसायला लागलंय? अनुभव असतील तर लिहा प्लीज.

काठावर_पास
नख कापा, चांगले बूट घ्या, धागा संपला. :)

रानजाई
@काठावर_पास, तुम्ही या नखाला नेलकटर लावून दाखवा, मग बोलू.

पोटरीपुराण
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीचशी कामं ज्येष्ठांबरोबरच असतात, म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

ताई, तुम्हाला भलतंच काही दिसत नाहीये. उभं राहायला शरीर तीन ठिकाणांहून बातम्या गोळा करतं, डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांधे-कातडी. या तिसऱ्या खात्यात तळपायाचं वजन फार मोठं. तळव्याच्या कातडीत दाब, ताण, कंप ओळखणारे वेगवेगळे संवेदक असतात, आपण जरा पुढे कललो की चवड्याखालचा दाब वाढतो, ती बातमी वर जाते आणि पोटरीचा स्नायू आपल्याला मागे खेचतो. हे अखंड चालू असतं. आपल्याला वाटतं आपण स्थिर उभे आहोत, प्रत्यक्षात आपण सारखे झुलत असतो आणि सावरत असतो.

वय वाढलं की ही बातमी उशिरा जाते, अर्धवट जाते. त्यावर जाड घट्टा असेल तर तो माणूस त्या जागेवर वजन टाकायचंच टाळतो कारण दुखतं, म्हणजे टेकायची जागा आणखी कमी.

एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग नावाचा जर्मन डॉक्टर होऊन गेला. मज्जारज्जूचा आजार झालेले, पायाची जाणीव गेलेले पेशंट डोळे उघडे असताना उभे राहायचे पण डोळे मिटले की डोलायला लागायचे, तोंड धुवायला डोळे मिटले की बेसिनवर कोसळायचे. पायाकडून येणारी बातमी बंद, कारभार नुसता डोळ्यांवर, आणि डोळे मिटले की तोही बंद. आजही पाय जुळवून डोळे मिटायला लावतात ती तपासणी त्याच्याच नावाने ओळखली जाते. तुमचे बाबा दुसऱ्यांदा रात्री पडले म्हणालात ना, तिथे मला हेच आठवलं. अंधारात डोळे रजेवर.

आता बोटांबद्दल. कलल्यावर शेवटच्या क्षणी बोटं जमीन पकडतात, विशेषतः अंगठा. मेन्झ नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या गटाने २००६ मध्ये ज्येष्ठांचे पाय आधी तपासून मग वर्षभर कोण पडतं ते पाहिलं. जे पडले त्यांच्यात घोट्याची लवचिकता कमी, अंगठा जास्त वाकडा, तळव्याची जाणीव कमी, बोटांची ताकद कमी, आणि रोजच्या हालचालीला अडथळा होईल इतकं पाय दुखणं जास्त, असं आढळलं. तुमच्या कार्डवाल्या मुलीने हेच तपासलं. हुशार आहे, सोडू नका तिला.

गोंधळी
हे वाचून आत्ताच डोळे मिटून एका पायावर उभा राहिलो. कपाटावर आपटलो. वय ३८.

पोटरीपुराण
@गोंधळी, अहो मी पाय जुळवून म्हणालो, एका पायावर कोणी सांगितलं! डोळे मिटून एका पायावर तरुणांची पण फजिती होते. आणि सगळ्यांसाठी, असले प्रयोग घरातल्या ज्येष्ठांवर करताना शेजारी उभं राहायचं, हाताच्या अंतरावर, आणि मागे भिंत किंवा कोपरा असू द्या.

टिंबटिंब
मला जरा उलट बाजू मांडायची आहे. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही असंच पायाच्या मागे लागलो होतो. कुणीतरी सांगितलं पाय सपाट आहेत, मग इनसोल झाले, मग बूट, मग दुसरे बूट. आई पडतच होती. शेवटी एका डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली, त्यात झोपेची गोळी होती, ती रात्री तीनलाही अंगात असायची. शिवाय उभं राहिल्यावर वरचं बीपी २८ ने खाली यायचं. आम्ही तोवर बीपी फक्त बसून मोजत होतो आणि छान आहे म्हणून खूश. गोळी हळूहळू कमी केली, बीपीच्या औषधाची वेळ बदलली, त्यानंतर पडलेली नाही. पाय अजूनही सपाटच आहेत. तेव्हा पाय बघा पण पायावर अडकू नका.

पोटरीपुराण
@टिंबटिंब, शंभर टक्के अनुमोदन. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते पडण्याचं मोठं कारण असतं. झोपेच्या गोळ्या तर कुप्रसिद्धच. पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका कुणी, डॉक्टरांशी बोलूनच. रानजाईताईंनी उभं-झोपून बीपी केलंय म्हणून मी तिकडे गेलो नाही. आणि म्हातारा माणूस सहसा एका कारणाने पडतच नाही हो, चार लहान कारणं एका जागी भेटतात. जाड नख, सैल स्लिपर, रात्र आणि लघवीची घाई.

रानजाई
@टिंबटिंब, औषधांची यादी घेऊन जाते परत, थँक्यू. ही बाजू डोक्यातच नव्हती.
@पोटरीपुराण, लघवीची घाई हे तंतोतंत. आणि स्लिपर इतकी जुनी आहे की तिचा तळवा आरशासारखा झालाय, टाचेला पट्टा नाही, बाबा ती बोटांनी धरून फरफटवत नेतात.

पोटरीपुराण
तेच तर. मागे पट्टा नसलेली सैल चप्पल पायात ठेवायला बोटं आकड्यासारखी वळवून धरावी लागतात, पाय उचलून टाकण्याऐवजी घासत न्यावा लागतो. जी बोटं तोल सांभाळायला हवीत ती चप्पल सांभाळत बसतात.

साखरझोप
माझं सांगतो. डायबेटिस १९ वर्षं. दोन वर्षांपूर्वी एका पायातली चप्पल मागच्या खोलीत राहिली आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन टीव्ही बघत बसलो, बायको म्हणाली एकच चप्पल का घातलीय, मी खाली बघितलं तेव्हा कळलं. पायाला कळलंच नव्हतं!! हसलो आम्ही दोघं. चार दिवसांनी रात्री झोपेतून उठून बसलो आणि मग हसायचं बंद झालं.

तपासणीत एक बारीक नायलॉनचा दोरा तळव्याला टोचतात, वाकेपर्यंत, तो १० ग्रॅमचा दाब असतो, डोळे मिटून सांगायचं कळलं का. मी उजव्या चवड्यावर चारपैकी एकदाच हो म्हणालो. मग एक नादकाटा, सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा, अंगठ्याच्या हाडावर लावतात, थरथर कळतेय का विचारतात. मी म्हणालो थंड लागतंय. थरथर शून्य.

मी पडलो नाही अजून पण चालणं बदललंय, पाय रुंद टाकतो, खाली बघत चालतो, अंधारात भिंत धरतो. घरचे म्हणतात म्हातारा झालास, मी म्हणतो नाही रे, मला जमीन कळत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल.

अजून एक, माझं बी१२ जीवनसत्त्व पण कमी निघालं. मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायाच्या नसा खराब होतात. म्हणजे सगळा दोष साखरेवर ढकलून बसू नका, बी१२ तपासून घ्या, ते भरून काढता येतं.

आणि कळकळीची विनंती, डायबेटिसवाल्यांनी कुरूपावर लावायच्या त्या औषधी पट्ट्या लावू नका. त्यात आम्ल असतं, कातडी जाळतं, आणि आपल्याला जळलेलं कळत नाही. ब्लेडने तर मुळीच नको. मी हे कसं शिकलो ते विचारू नका.

मोरपीस७
@साखरझोप, चप्पलवाला किस्सा वाचून काटा आला. काळजी घ्या दादा.

साखरझोप
घेतोय. आता रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतो. बायको म्हणते एवढं तोंड बघितलं असतंस तर दाढी नीट झाली असती.

अनवाणी
माझं मत थोडं वेगळं आहे, मारू नका. आपण पायांना बुटात कोंडून आळशी केलंय. पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, ते काय डब्यात बंद करायला दिलेत? अनवाणी चाला, पाय आपोआप मजबूत होतात, तळव्याला जमीन कळते, मग तोल येतो. हे मऊ मऊ गादीसारखे सोल आहेत ना, त्यांनीच वाट लावलीय. मी ६१ वर्षांचा आहे, घरात आणि अंगणात कायम अनवाणी, एकदाही पडलो नाही.

टिंबटिंब
तुम्ही पडला नाहीत हा पुरावा नाही हो. माझे एक काका आयुष्यभर सिगरेट ओढून ९० ला गेले.

अनवाणी
सिगरेट कुठून आली मध्येच? :) मुद्दा खोडा ना.

पोटरीपुराण
अनवाणींचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच अवघड आहे. जाड मऊ सोलवर पायाचा कोन नक्की किती आहे हे कमी कळतं, हे प्रयोगात दिसलंय. पातळ आणि टणक सोलवर ज्येष्ठांचा तोल चांगला राहतो. म्हणजे "आईला मऊ मऊ बूट घेतले" हे प्रेमाने केलेलं पण चुकीचं काम असू शकतं.

पण दुसरी बाजू. २००४ मध्ये अमेरिकेत ज्येष्ठांवर झालेल्या एका अभ्यासात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर असताना पडण्याचा धोका बराच वाढलेला दिसला, साध्या खेळाच्या बुटांत सगळ्यात कमी. मोजे तर घातकच, गुळगुळीत फरशीवर मोजे म्हणजे घसरगुंडी. मग प्रयोगशाळेत पायाला जमीन जवळ असणं बरं आणि घरात अनवाणी वाईट हे कसं? मला वाटतं प्रयोगशाळेत माणूस नीट उभा असतो, लक्ष देऊन. घरात तो ओल्या फरशीवर, फोन वाजतोय, बोट दाराला आपटतंय असा असतो. आणि ज्याच्या तळव्याची जाणीवच गेलीय, साखरझोपसारखी, त्याला अनवाणी चालून जमीन कळणार नाही, फक्त जखम होईल आणि ती पण कळणार नाही.

तुम्ही ६१ चे, पाय आयुष्यभर मोकळे, तुमचं चालू द्या. ७६ वर्षं बूट घातलेल्या माणसाला उद्यापासून अनवाणी करू नका.

अनवाणी
मान्य. मोज्यांचं तर मीही म्हणत होतो.

काठावर_पास
तुम्ही मोज्यांचं कुठे म्हणालात, वर शोधतोय.

फिरता_पंखा
मेकॅनिकल इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, म्हणून एका आकड्यावर अडकलो. चालताना पाय पुढे येतो तेव्हा बोटाचं टोक जमिनीपासून किती उंच असतं माहितीय? पाऊल मधोमध असताना साधारण १ ते २ सेंटिमीटर. बस्स. एवढ्या फटीतून आपण दिवसभर हजारो वेळा पाय काढतो. घोटा ताठर झाला, पाऊल वर उचलणारा नडगीचा स्नायू थकला, की ही फट मिलिमीटरवर येते, मग गालिच्याची कड पुरते, दोन फरश्यांमधला उंचसखलपणा पुरतो. रानजाई, "सपाट फरशीवर काहीच कारण नसताना" हे वाचून मी आमच्या घरातल्या फरशीवर पट्टी लावून बघितली, सपाट नाहीये. आमची तरी नाहीये.

अवांतर, २००३ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी कंप पावणारे इनसोल करून बघितले होते. कंप इतका बारीक की माणसाला जाणवत नाही, पण त्याने ज्येष्ठांचं उभ्या उभ्या झुलणं कमी झालं. कमजोर सिग्नलमध्ये थोडा गोंगाट मिसळला की सिग्नल जाणवण्याचा उंबरठा ओलांडतो, ही आमच्याकडची जुनी गोष्ट आहे. तळव्यालाही चालते हे वाचून जाम मजा आली.

रानजाई
@फिरता_पंखा, तुमचं वाचून मीही पट्टी घेतली. बाबा पडले तिथे स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे पाऊण सेंटिमीटर उंचवटा आहे. तीस वर्षं आम्ही त्यावरून चालतोय, कुणाला दिसला नाही.

मोरपीस७
मी ४७ ची. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलंय, आईला होतं, आजीला होतं. वीस वर्षं टोकदार बूट घातले ऑफिसला, आता संध्याकाळी बूट काढले की पाय लालभडक. पडले नाही कधी पण परवा जिना उतरताना उजवा पाय "तिथे नव्हता" असं वाटलं, कठडा होता म्हणून वाचले. हे ऑपरेशनशिवाय बरं होतं का? आणि व्यायाम काय करायचा?

पोटरीपुराण
हाड व्यायामाने सरळ होत नाही, कुणी तसं सांगत असेल तर खिसा सांभाळा. पण दुखणं कमी होतं आणि पायाची ताकद वाढते. ऑपरेशन दुखण्यासाठी करतात, दिसण्यासाठी नाही, ते हाडांच्या डॉक्टरांशी बोला.

बूट आधी. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सुजलेला असतो. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचे सारखे नसतात, आणि वयाबरोबर पाऊल पसरतं, तरुणपणीचा नंबर आता तुमचा नाही. घरी एक सोपी गोष्ट करा, कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा, त्यावर बूट ठेवा. रेषा बुटाच्या बाहेर दिसली तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, कितीही आवडता असो. टाचेकडचा भाग दाबून बघा, चपटा व्हायला नको. बूट वाकला तर बोटांपाशी वाकावा, मधोमध नाही. टाच अडीच सेंटिमीटरच्या आत. लेस किंवा वेलक्रो काहीतरी बांधायला हवंच.

व्यायाम. खुर्चीत बसून टॉवेल बोटांनी गोळा करा. गोट्या बोटांनी उचलून वाटीत टाका. ओट्याला धरून टाचा वर, मग टाचा टेकवून चवडे वर. पोटरी ताणा, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ. ते जमलं की एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला बोट लावून उभं राहणं. हे १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो.

काठावर_पास
७ सेकंद. आणि मी ५२ चा आहे. आता गप्प बसतो.

गोंधळी
गोट्या मुलाच्या ढापल्या. एक उचलली, पोटरीत असा गोळा आला की किंचाळलो. मुलगा खूश.

टिंबटिंब
@पोटरीपुराण, हे सगळं केलं तर पडणं कमी होतं याला काही आधार? म्हणजे वाकडा अंगठा असणारे जास्त पडतात हे एक, आणि अंगठ्याकडे लक्ष दिलं तर पडणं थांबतं हे वेगळं.

पोटरीपुराण
बरोबर प्रश्न. २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातलाच एक अभ्यास आला. पाय दुखणारे ३०५ ज्येष्ठ, सरासरी वय ७४. अर्ध्यांना नेहमीची पायांची देखभाल, अर्ध्यांना त्याशिवाय इनसोल, बुटांचा सल्ला आणि बुटांसाठी मदत, पाय-घोट्याचे व्यायाम, आणि पडू नये म्हणून माहितीपुस्तिका. वर्षभरात दुसऱ्या गटात पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी. पण हे सगळं एकत्र दिलेलं, त्यातलं नक्की कशाने झालं ते वेगळं काढता येत नाही. आणि मुळात हे पाय दुखणारे लोक होते, ज्यांचे पाय उत्तम आहेत त्यांना हाच फायदा होईल असं यावरून म्हणता येत नाही.

टिंबटिंब
धन्यवाद, हे "पण" सहसा कोणी लिहीत नाही.

साखरझोप
एक राहिलं, भीती. मी पडलेलो नाही तरी पडेन या भीतीने फिरायला जायचं बंद केलं होतं चार महिने. न चालल्याने पाय अजून लुळे, मग अजून भीती. शेवटी फिजिओने कान पकडला. आता काठी घेऊन जातो. काठीची लाज वाटायची, आता वाटत नाही, हातातून पण जमीन कळते हे त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे, काठीचं टोक टेकलं की अंगाला ठाव लागतो.

अनवाणी
हे आवडलं. माझ्या मोठ्या बहिणीला सांगतो, ती काठीला हात लावत नाही.

रानजाई
सहा आठवड्यांनी आले. वर काढते धागा.

नख एकदम कापलं नाही, पायाच्या तज्ज्ञाने तीन बैठकांत घासून पातळ केलं, घट्टे काढले, कुरुपाचं मूळ काढलं. पहिल्या बैठकीनंतर बाबा बाहेर आले आणि म्हणाले फरशी गार आहे. मला वाटलं तक्रार करतायत. नाही, त्यांना कळली होती!

औषधांची यादी दाखवली, एक जुनी ॲलर्जीची गोळी रात्री घेत होते, स्वतःच चालू ठेवली होती गेल्या पावसापासून, झापड आणणारी. ती बंद झाली. @टिंबटिंब, तुमच्यामुळे. म्हणजे आता नक्की कशाने फरक पडला हे मलाही वेगळं काढता येणार नाही, पोटरीपुराण हसतील.

हॉलमधल्या उंचवट्याला उतार करून घेतला. पलंगाजवळ हालचालीने लागणारा दिवा लावला. बूट वेलक्रोचे, कारण उजवा हात अजून पूर्ण वळत नाही. जुनी स्लिपर टाकून दिली तर बाबांनी कचऱ्यातून परत आणली, दोन दिवस अबोला, शेवटी तहात ती बाल्कनीत कुंडीखाली ठेवायची ठरली.

पाऊल पुढे-मागे ठेवून उभं राहणं पहिल्या दिवशी ३ सेकंद, आता ८. अंगठ्याखालचं कार्ड धरून ठेवतात, बाकीच्या बोटांखालून अजून निघतं. पडले नाहीत. एकदा लटपटले, सावरले, आणि "बघितलंस?" असं सर्कशीतल्या माणसासारखं हात पसरून म्हणाले, त्यात परत लटपटले.

काल ते म्हणाले तुझं कार्ड बघू. मी बसले, त्यांनी ओढलं. अंगठ्याखालून नाही निघालं. करंगळीकडून निघालं.

काठावर_पास
माझं पण. गोट्या कुठल्या साईझच्या घ्यायच्या, मोठ्या का लहान?

पोटरीपुराण
मोठ्या. आणि खुर्ची भिंतीला टेकवून बसा.